उन्हाळी की इन्फेक्शन? आधी बाटली, मग गोळी

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी दुखणी नांदतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक खरोखरच उन्हाचं. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ अंशांवर गेला, दिवसभरात पाणी कमी पडलं, की लघवी घट्ट होते आणि जळजळते. दुसरं मूत्राशयातल्या जंतुसंसर्गाचं, ज्याला आता घरोघरी ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणतात. रामबागेतल्या आजी दोन्हींना धने-जिऱ्याचं पाणी देतात आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला दोन्हींना अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप कापून देतो. पहिल्या दुखण्यात गोळी फुकट जाते, दुसऱ्यात धन्याचं पाणी पुरत नाही. सगळ्यांत वाईट गत होते ती अशी: इन्फेक्शन खरं असतं, गोळी अंदाजाने घेतलेली असते, तीन दिवस बरं वाटतं, महिन्याभरात दुखणं उलटतं, आणि जंतू कोणता होता हे शोधायची वेळ तोवर निघून गेलेली असते.

म्हणून या लेखात सगळ्यांत जास्त जागा आम्ही लघवीच्या नमुन्याला दिली आहे. तो कधी द्यायचा, कसा धरायचा, रिपोर्ट हातात आला की काय वाचायचं. तरुण, एरवी निरोगी, गरोदर नसलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच साधं इन्फेक्शन झालं असेल तर डॉक्टर कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) न करताही औषध देतात आणि ते योग्यच आहे. पण दुखणं उलटलं असेल, पहिलं औषध लागू पडलं नसेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा पोटात बाळ असेल, तर बाटली आधी आणि गोळी नंतर.

आधी ओळख पटवा

उन्हाच्या जळजळीत लघवी गडद पिवळी आणि थोडी होते, पण जाऊन आल्यावर मोकळं वाटतं. सुरुवातीला दोन ग्लास आणि मग तासाला एक ग्लास असं तीन-चार तास पाणी घेतलं की रंग फिका होतो आणि जळजळ निघून जाते. धने-जिऱ्याचं, वाळ्याचं, सब्जाचं पाणी, ताक, कोकम सरबत हे सगळं इथे उपयोगी पडतं, कारण त्यातून पोटात पाणीच जातं.

इन्फेक्शनची तऱ्हा वेगळी. दर पंधरा-वीस मिनिटांनी घाई होते, गेलं की चमचाभर होते, शेवटच्या थेंबाला कळ येते, ओटीपोट जड राहतं, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं. लघवी गढूळ दिसते, कधी गुलाबी. पाणी पिऊन रंग फिका झाला तरी घाई जात नाही, ही पक्की खूण. आणि अशी लक्षणं दिसत असतील तर आधी लिटरभर पाणी पिऊन बघत बसू नका. पातळ झालेल्या लघवीत जंतूंची संख्या कमी भरते आणि रिपोर्ट फसवा येतो. आधी नमुना द्या, मग हवं तेवढं पाणी प्या.

जळजळ नेमकी कुठे होते हेही स्वतःला विचारा. लघवी आतून येताना जळत असेल तर मूत्रमार्ग किंवा मूत्राशय. बाहेर आल्यावर कातडीला लागताना झोंबत असेल, सोबत खाज असेल, दह्याच्या कवडीसारखं पांढरं जात असेल तर बहुधा योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर बुरशी आणखी वाढते. जळजळ आणि घाई दोन्ही आहेत, पण अंगावरून जाणं आणि खाज नाही, अशा दहा बायकांपैकी नऊजणींना इन्फेक्शनच निघतं. अंगावरून वेगळ्या रंगाचं, वासाचं जात असेल तर मात्र नुसत्या लघवीच्या तपासणीवर थांबू नका; स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, कारण लैंगिक संबंधातून होणारे काही संसर्गही असेच जळतात.

नुसत्या वासावरून निदान करू नका. घट्ट लघवीला वास येतो, लसूण आणि बी-कॉम्प्लेक्सनेही येतो.

हे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हुडहुडी, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखणं, उलट्या. यातलं काहीही लघवीच्या त्रासासोबत आलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असं धरून चाला. इथे कल्चरच्या रिपोर्टची वाट बघायची नसते. नमुना देऊन लगेच उपचार सुरू करायचे, आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर सलाइनमधून. रात्री-अपरात्री इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलची कॅज्युअल्टी उघडी असते; ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून घरी पॅरासिटामॉल देत बसू नका. लघवी पूर्ण अडली असेल, किंवा किडनी स्टोनचा इतिहास असून ताप आला असेल तर तितकीच घाई करा. खड्याने वाट अडवलेली आणि वर पू साठलेला, ही काही तासांत बिघडणारी अवस्था आहे.

गरोदर बाई, मधुमेही, प्रत्यारोपण झालेली किंवा एकच किडनी असलेली व्यक्ती, लहान मूल, आणि घरातले पुरुषसुद्धा: यांना लक्षणं सौम्य असली तरी त्याच दिवशी दाखवा.

जंतू येतो कुठून

बाहेरून नाही, आपल्याच आतड्यातून. साध्या इन्फेक्शनमध्ये दहापैकी सात-आठ वेळा ई. कोलाय हा जंतू सापडतो. थिओडोर एशरिख यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला हा जंतू मोठ्या आतड्यात निमूट राहतो. गुदद्वाराजवळच्या कातडीवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचतो आणि वर चढतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण २० सेंटिमीटरचा. निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणं होतं, त्यामागचं मोठं कारण हे अंतर आहे, अस्वच्छपणा नव्हे. सुनेला ‘स्वच्छता पाळत नाहीस’ असं ऐकवणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. त्या एका वाक्याने बायका दुखणं लपवतात आणि ते वर चढतं.

सार्वजनिक संडासाच्या सीटवरूनही हे सहसा होत नाही. होतं ते संडासला जायचं टाळून लघवी तासन्‌तास दाबून ठेवल्याने, कारण साठलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेल्या इंदूरात तरी बाजारातलं शौचालय वापरायला बिचकू नये.

नमुना कसा द्यायचा

लॅबमध्ये दोन तपासण्या वेगळ्या असतात. ‘युरिन रूटीन’ काही तासांत मिळते आणि त्यात पेशी, साखर, प्रथिनं दिसतात. ‘युरिन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ला दोन-तीन दिवस लागतात, त्यात जंतू कोणता आणि कोणत्या औषधाने मरतो ते कळतं. चिठ्ठीवर दोन्ही लिहिलंय का बघा. पुष्कळदा फक्त रूटीन होतं आणि ‘इन्फेक्शन आहे’ एवढ्यावर सगळं थांबतं.

कल्चरची बाटली लॅबमधूनच आणा: रुंद तोंडाची, निर्जंतुक, सीलबंद. खोकल्याच्या औषधाची उकळून घेतलेली बाटली चालत नाही. सकाळची पहिली लघवी सगळ्यांत चांगली, कारण ती रात्रभर मूत्राशयात मुरलेली असते. ते जमत नसेल तर आधीच्या लघवीनंतर तीन-चार तासांनी द्या. घाईच इतकी असेल की तीन तास निघणार नाहीत, तर जेवढा वेळ सहन होईल तेवढा, आणि मग द्या.

१. हात साबणाने धुवा. बाटली उघडून झाकण आतली बाजू वर करून कोरड्या जागी ठेवा. बाटलीच्या आत आणि काठाला बोट लावू नका.

२. भारतीय संडासावर बसताना पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवा. कमोडवर बसत असाल तर गुडघे फाकवून जरा पुढे सरका. गुडघे दुखणाऱ्या आजींना बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलाच्या कडेवर बसवून कोणीतरी बाटली धरावी.

३. साध्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि स्वच्छ टिश्यूने किंवा धुतलेल्या सुती कापडाने टिपून घ्या. डेटॉल, सॅव्हलॉन, व्ही-वॉश काही नको. त्याचे थेंब बाटलीत गेले तर जंतू तिथेच मरतात आणि रिपोर्ट कोरा येतो.

४. डाव्या हाताच्या दोन बोटांनी बाहेरच्या पाकळ्या वेगळ्या करा आणि नमुना घेऊन होईपर्यंत तशाच धरून ठेवा. सगळ्यांत जास्त चूक इथे होते. पाकळ्या मिटल्या की लघवी कातडीवरून ओघळत बाटलीत जाते आणि कातडीवरचे जंतू सोबत नेते.

५. पहिली धार संडासात सोडा, मनात पाचपर्यंत मोजा. धार न थांबवता उजव्या हाताने बाटली मध्ये आणा. २० ते ३० मिलिलिटर पुरतात, म्हणजे साधारण अर्धी बाटली. मग बाटली बाजूला घेऊन उरलेली लघवी संडासातच करा.

६. झाकण घट्ट लावा, बाहेरून पुसा, नाव आणि वेळ लिहा. वेळ लिहायला विसरू नका.

पाळी चालू असेल आणि थांबणं शक्य नसेल तर योनीमुखाशी स्वच्छ कापसाचा बोळा ठेवून नमुना द्या आणि लॅबला तसं सांगा. रिपोर्टमधल्या लाल पेशींचा अर्थ बदलतो. अँटिबायोटिकचा एखादा डोस आधीच पोटात गेला असेल तरी नमुना द्या, पण कोणतं औषध आणि कधी घेतलं ते फॉर्मवर लिहायला लावा. लपवलं तर ‘वाढ नाही’ या रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांना उलटा लागेल.

आता वेळेबद्दल. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. शरीराइतक्या उष्णतेला ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. चार तासांत एकाचे चार हजार. मेच्या दुपारी स्कूटीच्या डिकीत ठेवलेली बाटली म्हणजे जंतूंसाठी हॅचरीच. ज्या नमुन्यात मुळात मूठभर जंतू होते त्यात लाखभर भरतात आणि नको ते औषध सुरू होतं. लॅब लांब असेल किंवा रविवार असेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. ४ अंशांच्या आसपास ती २४ तास टिकते. फ्रीझरमध्ये आणि सतत उघडझाप होणाऱ्या दारात नको. नेताना थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवून न्या. घरून नमुना नेणारा मुलगा येणार असेल तर तो आणखी किती घरं फिरून लॅबला पोचेल, हे त्याला स्पष्ट विचारा.

रिपोर्ट वाचताना

रूटीनमध्ये आधी बघा ‘एपिथेलियल सेल्स’. या कातडीच्या पेशी. त्या भरपूर असतील तर नमुनाच नीट घेतला गेला नाही, बाकीचे आकडे बाजूला ठेवून पुन्हा द्यावा लागेल. बहुतेक जण थेट ‘पस सेल्स’वर, म्हणजे पुवाच्या पेशींवर, उडी मारतात आणि इथे फसतात. पस सेल्स सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डमध्ये पाचपर्यंत नेहमीच्या. त्याहून जास्त म्हणजे कुठेतरी दाह आहे, पण तो जंतूंमुळेच असं नाही. खडा आणि योनीमार्गातला स्राव यांनीही त्या वाढतात.

‘नायट्राइट पॉझिटिव्ह’ ही जंतू असल्याची चांगली खूण. ‘निगेटिव्ह’वर मात्र विसंबू नका. लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करायला जंतूंना मूत्राशयात साधारण चार तास लागतात, आणि दर अर्ध्या तासाला धावणाऱ्या बाईच्या मूत्राशयात लघवी तेवढी थांबतच नाही. शिवाय एन्टरोकॉकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत. लघवीत साखर दिसली तर रक्तातली साखर तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती दिसणारच, ते त्या औषधाचं कामच आहे; या गोळ्यांवर बुरशीचा संसर्ग मात्र जास्त होतो.

कल्चरचा निकाल तीन प्रकारे येतो. एकाच जंतूची वाढ आणि पुढे आकडा, बहुधा ‘१,००,००० सीएफयू प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त’ (सीएफयू म्हणजे वाढलेल्या जंतूंच्या वसाहतींची मोजणी). हा लाखाचा दंडक एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आला. पण लक्षणं ठसठशीत असलेल्या बाईत एक हजाराची वाढही खरी असू शकते. तेव्हा ‘लाख नाही म्हणजे इन्फेक्शन नाही’ असं कोणी म्हटलं तर लक्षणांची आठवण करून द्या. उलटही तितकंच खरं: काहीच त्रास नसलेल्या साठीच्या काकूंच्या रिपोर्टमध्ये लाख जंतू निघाले, तर बहुतेक वेळा औषध द्यायचं नसतं. म्हातारपणी आणि मधुमेहात असे निरुपद्रवी जंतू पुष्कळदा सापडतात. त्यांना मारायला गेलं की त्यांची जागा जास्त चिवट जंतू घेतात. गरोदरपण आणि लघवीच्या मार्गावरची काही ऑपरेशनं हे याला अपवाद.

दुसरा निकाल ‘मिक्स्ड ग्रोथ’, तीन किंवा जास्त जंतू. जवळजवळ नेहमी हा नमुना बिघडल्याचा पुरावा असतो. त्यावर औषध न घेता नमुना पुन्हा द्या.

तिसरा ‘नो ग्रोथ’. त्रास थांबला असेल तर प्रश्नच नाही. पण पस सेल्स वारंवार भरपूर, कल्चर वारंवार कोरं आणि त्रास चालूच, असं असेल तर मूत्रमार्गाचा टीबी डोक्यात असला पाहिजे. टीबीचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. आपल्या देशात हा विचार उशिरा करणं परवडत नाही.

जंतूच्या नावाखाली औषधांची लांब यादी असते. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही. शेजारी ‘एमआयसी’चा (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) आकडा असेल तर ज्याचा आकडा लहान ते औषध भारी, असं समजू नका. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, एकाचा १६ आणि दुसऱ्याचा १ यांची तुलना होत नाही. यादीच्या तळाशी मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं ‘एस’ दिसतात, ती बघून ‘मोठं औषध लिहून द्या’ असा आग्रह धरू नका. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला ती लागत नाहीत, आणि रक्तात संसर्ग पसरलेल्या माणसासाठी ती शाबूत राहायला हवीत. ‘ईएसबीएल’ (काही अँटिबायोटिक्स निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) ही अक्षरं दिसली तर सेफिक्झीमच्या घरातली औषधं चालणार नाहीत. नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिन तरीही बऱ्याचदा चालतं.

औषध घेताना काय चुकतं

औषध आणि डोस डॉक्टर ठरवतील, कारण किडनीचं काम, वय आणि गरोदरपण बघूनच ते ठरतं. घेताना होणाऱ्या चुका मात्र घरच्या असतात.

नायट्रोफ्युरँटोइन बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस असं लिहिलं जातं. ते जेवणासोबत घ्या. उपाशीपोटी मळमळतं आणि शोषलंही कमी जातं. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला घाबरून बंद करू नका. हे औषध लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. म्हणून ताप आणि पाठदुखी असताना ते चालत नाही. किडनीचं काम फार कमी झालं असेल, जी६पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल किंवा बाळंतपण अगदी जवळ आलं असेल तरीही नाही. यासोबत लघवी अल्कलाइन करणारं गोड सिरप, सायट्रेटचं, आपल्याकडे सर्रास घेतलं जातं. जळजळ थोडी शमते खरी, पण नायट्रोफ्युरँटोइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं. दोन्ही एकाच चिठ्ठीवर असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. मेडिकलवरून आपल्या मनाने सिरपची भर घालू नका.

फॉस्फोमायसिनचं ३ ग्रॅमचं पाकीट एकदाच घ्यायचं. अर्धा कप साध्या पाण्यात विरघळवा, गरम पाण्यात नको, आणि लगेच प्या. रात्री जेवून दोन-तीन तास झाले की, लघवीला जाऊन आल्यावर, झोपायच्या आधी. रात्रभर ते मूत्राशयात टिकतं. एका डोसचं औषध असल्याने दुसऱ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ असं वाटू शकतं. दोन-तीन दिवस वाट बघा, दुसरा डोस घेऊ नका.

लघवी नारिंगी करणारी जळजळीची गोळी, फेनाझोपायरिडिन, फक्त कळ मारते, जंतूला हात लावत नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त नको, आणि नमुना देण्याआधी तर नकोच. तिच्या रंगाने लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीची तपासणी बिघडते.

उरलेली गोळी कपाटात जपून ठेवणं आणि पुढच्या वेळी, किंवा जावेला, देणं हे सगळ्यांत घातक. सेफिक्झीम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्णाची नोंद वहीत ठेवावी लागते. तो नियम अडवणुकीसाठी केलेला नाही: नॉरफ्लॉक्सासिनच्या वंशातल्या गोळ्या इतकी वर्षं सर्दीपासून जुलाबापर्यंत कशालाही दिल्या गेल्या, की आज आपल्याकडच्या ई. कोलायपैकी पुष्कळ त्यांना जुमानत नाहीत.

योग्य औषधाने ४८ तासांत उतार पडायला हवा. नाही पडला तर कल्चरचा रिपोर्ट घेऊन परत जा. त्रास पूर्ण थांबला असेल तर खात्रीसाठी पुन्हा कल्चर लागत नाही. गरोदरपणात मात्र औषध संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी करतात. लघवीत रक्त दिसलं होतं आणि इन्फेक्शन गेल्यावरही लाल पेशी राहिल्या, विशेषतः चाळिशीनंतर, तर सोनोग्राफी आणि पुढची तपासणी टाळू नका. ‘इन्फेक्शनचंच असेल’ या समजुतीत मूत्राशयाच्या गाठी लपून राहतात.

पोटात बाळ असताना

गरोदरपणात त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि उपचार न केल्यास ते मूत्रपिंडापर्यंत चढण्याची भीती बरीच वाढते. म्हणून पहिल्या तिमाहीच्या शेवटी, साधारण १२ ते १६ आठवड्यांत, एक कल्चर करून घ्यावं, निव्वळ रूटीन पुरत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. तिथे लघवीचा विषय स्वतःहून काढा. या काळात आधीच्या वेळची गोळी आपल्या मनाने अजिबात घेऊ नये.

सारखं सारखं होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर त्याला वारंवार होणारं म्हणायचं. मग दर वेळी कल्चर, एकदा सोनोग्राफी आणि त्यात लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते याचं माप, आणि रक्तातली साखर.

पाण्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एरवी दिवसाला दीड लिटरहून कमी पेयं घेणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं, तेव्हा वर्षभरातले त्रास जवळजवळ निम्मे झाले. आपल्याकडे उलट चालतं. इंदूर-पुणे रात्रीची बस असली की दुपारी चारपासून पाणी बंद. तसं करू नका. नेहमीसारखं पाणी प्या, निघण्याआधीचे दोन तास फक्त घोटघोट घ्या, बसायच्या आधी लघवीला जा आणि पहिल्या थांब्यावर गरज वाटो न वाटो, उतराच. शक्य असेल तर ट्रेन निवडा. शाळेतल्या मुलींच्या आयांनी बाटली संध्याकाळी भरलेली परत येते का ते रोज बघावं. येत असेल तर मुलगी शाळेचा संडास टाळते आहे.

धुण्याची दिशा पुढून मागे. जेट स्प्रेची धार मागून पुढे मारली तर नको ते पुढे येतं. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा. भरलेलं आतडं मूत्राशयाला नीट रिकामं होऊ देत नाही. संबंधांनंतर लघवीला जाणं फुकट आणि निरुपद्रवी आहे, जरूर जा. दर वेळी संबंधांनंतरच त्रास होत असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्यासाठी एक डोसचा वेगळा उपाय असतो आणि संकोचापायी तो बायकांना मिळतच नाही. शुक्राणूनाशक लावलेला कंडोम वापरत असाल तर साधा वापरून बघा.

सुगंधी वॉशवर पैसे घालवू नका. योनीमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो आणि तिथले चांगले जंतू वॉशने मरतात. क्रॅनबेरीने काही बायकांत पुढचा त्रास टळतो, पण झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही. डी-मॅनोज या साखरेच्या पावडरीचा २०२४ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही.

पाळी गेल्यानंतर वारंवार होणाऱ्या त्रासाला एक चांगला उपाय आहे, आणि तो आपल्याकडे फारच कमी वापरला जातो: योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथलं अस्तर पातळ होतं, चांगले जंतू निघून जातात, ई. कोलायला वाट मोकळी होते. क्रीम सहसा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सासूबाई किंवा आई हे स्वतःहून बोलणार नाहीत. ‘रात्री किती वेळा उठता?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

कल्चरचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. प्रत्येकावर त्या वेळी घेतलेलं औषध आणि किती दिवसांत उतार पडला ते पेनने लिहा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. पुण्याला लेकीकडे असताना दुखणं उलटलं तर तिथल्या अनोळखी डॉक्टरांना या फाइलवरून पहिल्याच दिवशी कळेल की मागच्या वेळी कोणता जंतू होता आणि कोणत्या गोळीला तो दबला नव्हता.